सातपट खारट पाणी

७ फेब्रुवारी १९६६, सोमवार
बेळगावची गाडी दोन तास उशिरा पोचली, तरी मी खुशीत आहे. जयनगरात खोली मिळाली. प्रयोगशाळा तिथून चालत दहा मिनिटं. आमचे प्रमुख हयवदनराव. घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलेलं, घरात अजून मराठी. कामाचं काही न बोलता त्यांनी आधी स्वल्प कॉफी घ्या म्हणून बसवलं, मग सहा बाटल्या दाखवल्या. तांबड्या समुद्राच्या तळाचं, दोन किलोमीटर खोलीवरचं पाणी. तिथे ते छप्पन अंश कढत असतं आणि साध्या समुद्राच्या सातपट खारट. त्यात काय काय विरघळलंय ते मी शोधायचं. काम पसंत पडलं तर नोकरी कायम आणि वसुमतीला लगेच इकडे आणीन. लग्नाला वर्ष झालं, त्यात दोन महिने काय ते एकत्र राहिलो.

८ फेब्रुवारी
हवा लागली की हे पाणी गंजतं, तांबूस गाळ धरतं. म्हणून प्रयोगशाळेतल्या माझ्या खोलीच्या खिडक्या लांबीने बुजवल्यात आणि बाहेर उघडणाऱ्या एकुलत्या दाराला रबराची पट्टी. पिपेट मी तोंडानेच ओढतो. रबरी फुगा वापरणाऱ्यांना आम्ही कॉलेजात नाजूक नार म्हणायचो. आज ती ऐट अंगाशी आली, घोटभर पाणी थेट पोटात गेलं. महिनोन्‌महिने बाटलीत पडलेलं पाणी, आणि लागलं गरम! हयवदनराव हसून म्हणाले, ताक प्या, सगळं सरी होतं, म्हणजे ठीक.

१० फेब्रुवारी
प्रत्येक तपासणीबरोबर नुसतं शुद्ध पाणीही तपासायचं असतं, म्हणजे भांड्यांतला दोष कळतो. आज त्या शुद्ध पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला तर दह्यासारखा पांढरा साका. म्हणजे मीठ. भांडी तीनदा धुतली, पुन्हा तेच. हयवदनरावांनी केलं तर पाणी नितळ. लोणचं कमी खा आणि हात धुऊन बसत जा, म्हणाले. फार राग आला. माझा हात स्वच्छ आहे, बेळगावात कुणालाही विचारा.

१२ फेब्रुवारी
हट्टाने स्वतःची थुंकी तपासली. लोह, मँगनीज, जस्त, सगळं बाटलीतल्याच प्रमाणात. मग बाटली पुन्हा तपासली. तिच्यात आता पिण्याजोगं गोडं पाणी आहे.
संध्याकाळी दार उघडेना, खांदा लावला तरी हललं नाही. शेवटी पहारेकरी मल्लाप्पाने बाहेरून एका बोटाने ओढलं आणि अण्णा, नीट जेवत नाही काय, असं विचारलं. हसायला गेलो, जमलं नाही.

१५ फेब्रुवारी
ताप मोजायच्या नळीतला पारा बेचाळीसच्या पुढे गेला आणि नळी फुटली. प्रयोगशाळेतला थर्मामीटर जिभेखाली धरला. चव्वेचाळीस. तरी डोकं शांत आहे, त्याचीच भीती वाटते.
मल्लाप्पाने बाहेरून दार ओढून दिलं, फाटकापर्यंत गेलो तर शर्टावर घाम तांबडा उमटला. खोकल्यातून गंज पडला, श्वास कोंडला. धावत खोलीत परतलो, दार लागताच बरं वाटलं. बाहेरची हवा सोसत नाही. आणि आतून दार —

१६ फेब्रुवारी
गणित केलं. दोन किलोमीटर पाण्याचा भार या एवढ्याशा दारावर — चार हजार टन. माझ्या खांद्याने काय होणार! हयवदनराव येतात-जातात, त्यांना काही जाणवत नाही. इस्पितळात चला म्हणाले. फाटकापलीकडे मी जगायचा नाही, हे त्यांना कसं पटवू? वसूला तार केली म्हणे. का केली? ती इथे नको. इथे नको —

१७ फेब्रुवारी
पन्नास. कानांना दडे बसलेत. अक्षर हलतंय.

१८ फेब्रुवारी
छप्पन.
वसू आली. आत येऊ नकोस म्हणून ओरडलो. तिने ऐकलं नाही. सहज दार ओढलं, आत आली, मागे दार लागलं. काय हो हे, अंग किती पोळतंय, म्हणाली. पदराने माझा घाम पुसला — आणि तोच पदर तोंडात कोंबून हुंदका दाबला. काढ तो, काढ म्हणालो. तोवर तिने आवंढा गिळला होता.
खारट आहे, म्हणाली.
डॉक्टरांना बोलावते म्हणून उठली. एका हाताने दार ढकललं. मग दोन्ही हातांनी. आता खांदा लावलाय. बाहेरून कुणी दाबून धरलंय का, विचारते आहे — माझ्याकडे बघते आहे — वसू, मी तुला काय —