सासूबाईंच्या फोटोतलं कुंकू

रत्नागिरी, मार्गशीर्षातला गुरुवार, २००५

पोथी वाचली, पण लक्ष नव्हतं. सासूबाईंचा एकुलता एक चांगला फोटो मीच घालवला.

हेदवीच्या देवळात भाच्याने काढलेला, कॉम्प्युटरवर होता. कुंकू फिकं दिसत होतं. सवाष्ण गेल्या त्या, वर्षश्राद्धाला भिंतीवर असा फोटो कसा लावायचा? म्हणून रोज दिवा लावून झाला की कुंकू जरा लाल करायचं नि त्याच फोटोवर सेव्ह करायचं. दुसरी प्रत ठेवली नाही, उगाच जागा कशाला अडवा! काटकसर कुठे करावी, तर इथे?

आज स्टुडिओवाला म्हणाला, "वहिनी, दर सेव्हला फोटो पुन्हा दाबला जातो, थोडा थोडा झिजतो. चेहऱ्याचे चौकोन झालेत बघा. मूळ फोटो आणा."

मूळ कुठला आणू? भाच्याने कॅमेऱ्यातला केव्हाच पुसला.

तसाच मोठा करून आणला. मामंजींनी चष्मा पुसून पुसून पाहिला. मी सांगायला तोंड उघडलं, तोच म्हणाले, "डोळे गेले गो माझे. चेहरा दिसतच नाही. कुंकू तेवढं ओळखलं हो तिचं."

कुंकू तर मी रंगवलेलं. आणि त्यांचे डोळे चांगले आहेत, एवढंसुद्धा मला सांगवलं नाही.