आप्पांची काहील आणि माझं जाड तेल

१२ जानेवारी २००३, अवसरी
आप्पांनी आज पुन्हा मला येड्यात काढलं! केमिकलची डिग्री घेऊन घरी बसलेय, परवा पुण्यात रिफायनरीचा इंटरव्ह्यू, म्हणून गुऱ्हाळावर वाचत होते. व्हिसब्रेकिंग — जाड तेल बेतानं तापवायचं, थोडाच वेळ. मोठे रेणू तुटतात, मग गार झालं तरी ते पातळच राहतं. "तापवून पातळ? आगं, आमी वीस वर्सं रस तापवतोय, घट्टच व्हतो!" सगळं गुऱ्हाळ हसलं. आप्पा गुळवे ना, गूळ शिजवणारे मुख्य! रसाची मोठी कढई, काहील, कधी उतरवायची ते सांगणार तेच, आणि कुणाला हसायचं तेही.

१३ जानेवारी
"आन् जास्ती तापलं तर?" आप्पांनीच विचारलं. म्हटलं, भट्टीच्या नळीत कोळसा धरतो, सगळं बंद. "किती येळात?" मी सांगत बसले, ते ऐकत बसले — आणि काहील करपली! वीस वर्षांत पहिल्यांदा. जाळ घालणारा भिका ओरडला, "गुळवं, गूळ काढताय का डांबर?" आता आप्पा गावभर सांगतायत, पोरीच्या डिग्रीनं गूळ खाल्ला.

१५ जानेवारी
काल इंटरव्ह्यू झाला. "कोळसा धरतोय हे कसं ओळखाल?" दाब वाढतो, नळी जास्त तापते, असं नीट सांगितलं. तेवढ्यावर थांबायचं ना! करपलेली काहीलही सांगून बसले. साहेब लई हसले.

२ फेब्रुवारी
निवड झाली!!! पण वर्षभर गुजरातेत, भट्टीवर. सोबत फॉर्म — पालकांची सही हवी, अठ्ठावीसपर्यंत पोचायला पाहिजे. आप्पा मला नारायणगावच्या बाजाराला एकटीला सोडत नाहीत, गुजरात कुठली! आईलाही बोलले नाही. फॉर्म तेलाच्या पुस्तकात घातला. ते कोण उघडतंय?

९ फेब्रुवारी
जेवताना धीर केला. "आप्पा, मला —"
"काय, आनखी एक काहील करपवायची?"
हसत हात धुवायला गेले. मला जायचंय. नाही गेले तर जन्मभर या घराचा राग राहील, आणि तो मला नकोय.

१६ फेब्रुवारी
आजही नाही.

२१ फेब्रुवारी
आज विचारायचंच म्हणून फॉर्म काढला. आप्पांची सही केलेली आहे! चांगदेव सखाराम, मोठ्ठ्या अक्षरात, कोपऱ्याला गुळाच्या चिकट बोटाचा ठसा. खाली तारीख — सहा फेब्रुवारी.