गळ्यातली उशी

जयपूर,
ता. ४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. अनुसयास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

काल भाऊबीज झाली. तुझा फोन आला, सूनबाईंनी तो माझ्या कानाला लावला, मी हो हो म्हणत राहिलो आणि तू काय बोललीस त्यातलं एक अक्षर कळलं नाही. फोन जवळ आला की कानातलं यंत्र शिट्टी मारतं. तेव्हा जे काही बोलली असशील ते पत्रात पुन्हा लिही. पोस्टात उभा जन्म काढलेल्या माणसाला पत्रच बरं. शिवाय फोनवर मी ओरडून बोलतो म्हणे, त्यामुळे सातव्या मजल्यावरचं आमचं खासगी खाली वॉचमनपर्यंत पोचतं.

इथे सगळं ठीक आहे. श्रेयस सकाळी सीतापुऱ्याला ऑफिसात जातो, कीर्ती सी-स्कीममधल्या तिच्या बँकेत, तनया शाळेत. मग दिवसभर घरात मी आणि फ्रिज. स्वयंपाकाची बाई येते, मला बाऊजी म्हणते, पुढचं मला ऐकू येत नाही, मी मान हलवतो. परवा सोसायटीच्या देवळात अन्नकूट होता. कढी आणि बाजरीचा प्रसाद घेऊन बसलो होतो, तर शेजारच्या गृहस्थांनी बरंच काही सांगितलं. चांगलंच असावं, ते हसत होते. शालिनी असती तर घरी आल्यावर तिने मला सगळं मोठ्याने परत सांगितलं असतं. ती गेली आणि मुलाने मला इस्लामपूरहून इथे आणलं, त्याला वर्ष उलटलं. मुलगा-सून मनापासून करतात. वेगळी खोली दिली, मोठा पलंग, वर वीतभर जाड गादी. तक्रारीला जागा नाही.

आता काम. माघात सांगलीस यावं असं मनात आहे. प्रवासात झोपेचे हाल होतात. तसं इथे आल्यापासून झोप म्हणजे, जाऊ दे. तू त्या टूरवाल्या बायकांबरोबर काश्मीर, केरळ, भूतान पालथं घालून आलीस, आणि प्रत्येक फोटोत तुझ्या गळ्यात ती वळलेली उशी, चुकार गाईला लोढणं अडकवावं तशी. ती कुठली घ्यावी, कशी पारखावी, सविस्तर लिही. बसल्या जागी झोप लागली पाहिजे आणि मान पडता कामा नये. श्रेयसला विचारलं असतं, पण तो मोबाइलवर मागवून मोकळा होईल आणि वर कशाला म्हणून विचारेल.

वसंतरावांना नमस्कार. उत्तर सवडीने दिलंस तरी चालेल, पण दे. लोभ आहे तसा ठेव.

तुझा,
दादा


सांगली,
ता. १२ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

लोढणं म्हणालास ना? बरं. आता त्याच लोढण्यासाठी माझ्या दारात आला आहेस हे विसरू नकोस.

फोनवर मी एवढंच सांगत होते की तुझ्याऐवजी चंद्राला ओवाळलं. बीजेचा चंद्र तो, केवढासा. निरांजन लावून गच्चीवर जाईपर्यंत बुडायलाच आला होता. पाठवणीला ओवाळल्यासारखं झालं. मला अजिबात आवडलं नाही.

आता उशी. हवा भरायची मुळीच घेऊ नकोस. खिशात मावते एवढाच तिचा गुण. रात्रभर गळ्यात सरकत राहते आणि पहाटे तिचा पापड झालेला असतो. थर्माकोलच्या बारीक दाण्यांची मऊ लागते, पण डोक्याचं वजन पडलं की दाणे बाजूला पळतात आणि मान पुन्हा खांद्यावर. फोमची घे, दाबून सोडली की सावकाश वर येते ती. तीही बघून. मानेमागे पातळ हवी. मागे जाड असली की डोकं पुढे ढकललं जातं आणि सकाळी मान धरते. कानाखाली मात्र भरलेली असावी, खांदा आणि जबडा यांच्यामध्ये पोकळी राहू नये. पुढे बंद करायला पट्टा किंवा बटण हवं. तुझं डोकं झोपेत पुढे पडत असेल तर उशी उलटी घाल, तोंड मागे आणि जाड बाजू हनुवटीखाली. लोक हसतील, हसू देत. अभ्रा काढून धुता येतो का ते बघ. आणि दुकानात उभ्या उभ्या दाबून घेऊ नकोस. खुर्ची माग, बस, टेक, डोळे मीट. तू संकोची आहेस म्हणून मुद्दाम लिहिते.

पण दादा, एक कळलं नाही. गाडीत बर्थ असतो. आडवं व्हायची सोय असताना तुला बसून झोपायची उशी कशाला? तिकीट काढलंस का? तारीख कळव, म्हणजे मी भाजणी करून ठेवते. आणि झोप म्हणजे, जाऊ दे, असं लिहून तू पुढे गेलास. मी जाऊ देणार नाही. काय आहे ते नीट लिही.

ह्यांचा तुला नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन ठरतंय, त्यामुळे सध्या सगळ्या घराला दिसेल अशी कुरकुर चालू आहे. कळावे. उशी मागून पातळ घे, माया मात्र चारी बाजूंनी जाडच राहू दे.

तुझी,
अनू


जयपूर,
ता. २० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. अनूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र घडी करून खिशात घातलं आणि रिक्षा करून सी-स्कीममध्ये बॅगांच्या दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस. त्याने गळ्यात घालायच्या उशांचा ढीग समोर ओतला. मी खुर्ची मागितली. बसलो, टेकलो, डोळे मिटले. एक मागून जाड निघाली, एक इतकी मऊ की असून नसल्यासारखी. चौथी की पाचवी गळ्यात घातली आणि अनू, मला तिथेच झोप लागली. भर दुपारी, गिऱ्हाइकांच्या गर्दीत. दुकानदाराने मला उठवलंसुद्धा नाही. जाग आली तेव्हा समोर चहा ठेवलेला होता आणि त्यावर साय धरली होती. तीच उशी घेतली. राखाडी रंगाची आहे, बटणाची. तू म्हणालीस तशी उलटी घालतो. फार उपयोगी पडली, तुझे उपकार आहेत.

तू नीट विचारलंस म्हणून नीट सांगतो. प्रवास-बिवास काही नाही. तिकीट काढलेलं नाही. उशी घरातल्या खुर्चीसाठी आहे. पलंगावर मला झोपता येत नाही. उताणा झालो की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं आणि दम कोंडतो, उठून बसलो की बरं वाटतं. उन्हाळ्यात डोक्याखाली एकाच्या दोन उशा केल्या. मग त्याखाली रजाईची घडी घातली. गणपतींनंतर तेही पुरेना, तेव्हापासून खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसून असतो. सगळे उठायच्या आत पलंगावरची चादर चुरगाळून ठेवतो, म्हणजे झोपल्यासारखं दिसतं. एवढा पलंग आणला आणि म्हातारा खुर्चीत रात्र काढतो हे कळलं तर मुलाला काय वाटेल? त्यांचं काही चुकलं असं वाटेल.

मला कारण ठाऊक आहे. शालिनीच्या माघारी हे सुरू झालं. इतकी वर्षं शेजारी माणूस होतं, ते उठून गेलं, तर छातीला कळणारच. हे दुखणं औषधाचं नाही, असं मी मनाशी धरलं आहे आणि खरं सांगायचं तर त्याची मला सवयही झाली आहे.

बाकी तब्येत उत्तम. खाली फाटकापर्यंत जाऊन येतो, मध्ये बाकावर बसावं लागतं, पण वयाचं चालायचंच. इथल्या मोजड्या घेतल्या होत्या, त्या सकाळी पायात जातात आणि संध्याकाळी जात नाहीत. चामडं आखडलं असावं.

हे सगळं तुझ्यापाशी ठेव. श्रेयसला कळता कामा नये. लोभ आहेच, या खेपेस तो तोंड मिटून करावा.

तुझा,
दादा


सांगली,
ता. २७ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न.

पत्र आत्ता आलं. एकदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. हे उत्तर तुझ्या हातात पडेल त्याच्या कितीतरी आधी मी कीर्तीला फोन केलेला असेल. तू म्हणालास तोंड मिट, मी मिटणार नाही. राग आला तर खुशाल ये. येऊन भांड, पण येण्याइतका धड रहा.

आमच्या सासूबाईंचं असंच झालं होतं. आधी दोन उशा, मग तीन, मग तक्क्या, शेवटी भिंतीला टेकून बसलेल्या. मिरजेच्या डॉक्टरांनी नाडी बघण्याआधी विचारलं होतं, आजी किती उशा घेऊन झोपता. ते ऐकून मला तेव्हा हसू आलं होतं. मग त्यांनी पाय दाबून बघितले आणि बोटाचा खड्डा तसाच राहिला. हृदय थकलं की पाणी साठतं, म्हणाले. छातीत साठतं, पायात उतरतं.

दादा, माणूस गेल्यावर झोप उडते, जेवण जात नाही, घर खायला उठतं. उशांची उंची वाढत नाही. मोजडी संध्याकाळीच घट्ट होत नाही. तुझं चामडं आखडलेलं नाही, तुझे पाय सुजलेत. वहिनी गेल्याचं दुःख खरं आहे, ते कुणी तुझ्याकडून काढून घेत नाही. पण जाताना तुझ्या छातीवर धोंडा ठेवून जाणारी बाई ती नव्हती, आणि हे मी तुला सांगावं?

मी तुला मागून पातळ, पुढून जाड असं शिकवत बसले आणि तू त्या उशीच्या जिवावर आणखी एक हिवाळा खुर्चीत काढणार होतास. आज रात्रीच्या गाडीला बसावं असं वाटतं, पण परवा ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि दुसरं कुणी नाही. म्हणून लेकराने जावं तसं कीर्तीबरोबर मुकाट्याने दवाखान्यात जा. ती विचारेल त्याला उगाच मान हलवू नकोस. यंत्र कानात घाल.

रागावलास तरी लोभ सोडू नकोस.

तुझी,
अनू


जयपूर,
ता. १६ डिसेंबर २०२४

चि. सौ. अनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

वसंतरावांना आता स्पष्ट दिसू लागलं हे कीर्तीकडून कळलं, बरं वाटलं. त्यांना म्हणावं, कुरकुरीला नवं कारण शोधा.

तुझं पत्र मला दवाखान्यात मिळालं. तुझा फोन झाला त्याच संध्याकाळी कीर्ती बँकेतून आली ती पर्स न ठेवताच माझ्या खोलीत आली आणि खाली बसून माझे पायमोजे काढले. पाय पाहून तिथेच रडली. मी तुझ्यावर चिडलो होतो, ते त्यानंतर जमेना. डॉक्टर म्हणाले, हृदयाची ताकद कमी झाली आहे आणि फुफ्फुसांत पाणी भरलं आहे, थंडी वाढली असती तर कठीण होतं. इंजेक्शनं झाली, आता गोळ्या आहेत. मीठ जवळजवळ बंद. तनयाने आबांची उशी म्हणजे मतलब कमाल आहे असं म्हणून ती शाळेच्या सहलीला नेली आहे.

तर मी जिवंत आहे, आणि तो तुझ्यामुळे. हे एकदा लिहून टाकलं, पुन्हा लिहिणार नाही, तू डोक्यावर बसशील.

आता जे लिहितो ते तुझ्याशिवाय कुणाला लिहिता येणार नाही. सूज उतरली, आणि एका सकाळी जागा झालो तर पलंगावर उताणाच होतो आणि छाती मोकळी होती. आनंद व्हायला हवा होता. पण अनू, ते ओझं मी शालिनीचं म्हणून सांभाळत होतो. दिवसभर माझ्याशी बोलायला कुणी नसायचं, रात्री ते यायचं. मला आडवं होऊ देत नाही म्हणजे ती अजून कुठेतरी आहे, अशी माझी समजूत होती. डॉक्टरांनी एक लहानशी गोळी दिली आणि ते सगळं लघवीवाटे निघून गेलं. हसायचं तर हस. ती गेली तेव्हा घरात माणसं मावत नव्हती. या खेपेला गेली तेव्हा मी एकटाच होतो.

काल रविवार. दुपारी जेवून पलंगावर पडलो, यंत्र काढून टेबलावर ठेवलं, आणि मला रडू आलं. ती गेल्यानंतर पहिल्यांदाच. आधी यायचं, पण रडायला श्वास पुरायचा नाही, हुंदक्याचा खोकला व्हायचा. काल पोटभर रडलो. ऐकू येत नसल्यामुळे आवाज किती झाला ते मला कळलं नाही. बराच झाला असावा, कारण श्रेयस मोबाइल हातात घेऊन धावत आला. छातीत कळ आली असं त्याला वाटलं असणार. काहीतरी विचारत होता, ओठ हलताना दिसत होते. मी मानेनेच नाही म्हटलं, छातीवर हात ठेवून दाखवलं की इथे आता काही नाही.

तो मोबाइल ठेवून पलंगाला वळसा घालून पलीकडे गेला, शालिनीची म्हणून मी अजून रिकामी ठेवतो त्या बाजूला, आणि माझ्याकडे पाठ करून आडवा झाला. मला वाटलं झोपला. मग गादी हलायला लागली. बघतो तर त्याचे खांदे हलत होते. माझी बायको गेली एवढंच मी वर्षभर धरून बसलो होतो. त्याची आई गेली होती, आणि तेव्हापासून तिचं नावसुद्धा मी त्याच्यापाशी काढलं नव्हतं. त्याचं रडणं मला ऐकू येत नव्हतं. यंत्र घ्यायला उठलो असतो तर तो थांबला असता, म्हणून उठलो नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवून पडून राहिलो.

कळावे. तुझा लोभ इतके दिवस मी एकट्यानेच घेतला. या वेळी उत्तर देशील तेव्हा चार ओळी श्रेयसला लिही, त्याच्या आईबद्दल.

तुझा,
दादा