उपासाच्या दिवशीची वाटी

बाई, तुम्ही गेलात तेव्हा भुईगावच्या स्वयंपाकिणी मोठमोठ्याने रडल्या आणि मला त्यांचा रागच आला. शाळांच्या पोषण आहाराची स्वयंपाकघरं तुम्ही चालवलीत ती त्यांच्या डोक्यावर बसून. मी तुमची मदतनीस, तुमच्या मागे उभी राहून मान डोलावणारी. तोंडावर बोलायची माझी छाती नव्हती. आता तुम्ही उलट बोलू शकत नाही, म्हणून लिहिते.

पोरांच्या आधी स्वयंपाकिणीने जेवण चाखायचं, एवढाच नियम होता. तुम्ही चमचाभराची वाटीभर केलीत, तीही पोरांच्या पंगतीसमोर उभं राहून संपवायची. ईस्टरआधीच्या उपासकाळातला तो शुक्रवार मला अजून दिसतो. भुईगावची ती ख्रिस्ती स्वयंपाकीण, नवरा दवाखान्यात, त्याच्यासाठी चर्चमधल्या संध्याकाळच्या मिस्सापर्यंत पाण्याशिवाय काही न घेण्याचा नवस केलेला. ती हळूच म्हणते, "बाई, आज नको. माझी जाऊपण इथेच रांधते, ती खाईल ना." तुम्ही चष्मासुद्धा वर करत नाही. "देवाशी तुझं काय ते तू बघ. खिचडी तू शिजवलीस, तूच खायची." ती खाते. पोरं फिदीफिदी हसतात. पुढे तिचा नवरा गेला. तिने बोल लावला तो मला, कारण वाटी तिच्या हातात मी दिली होती. तुमच्यासाठी मात्र ती रडली.

तुमच्या जागी आल्यावर मी पहिल्यांदा तेच बंद केलं. उपास असेल तिने चाखू नये, दुसरीने चाखावं. सगळ्या खूश. माझ्या घरी निर्मळ गावच्या स्वयंपाकिणींकडून केळी यायला लागली, आणि मी शहाणी, तुम्ही राक्षसीण, असं माझं छान चाललं होतं. मग संकष्टी आली. निर्मळच्या स्वयंपाकघरात दोघींचाही उपास. हिला वाटलं तिने चाखलं, तिला वाटलं हिने. डाळ आंबलेली होती. पोरं वर्गातच ओकली, एका मुलीला सलाईन लावावं लागलं. ती वाचली. तिच्या आईने दवाखान्यातच मला विचारलं, "तुम्ही नक्की काय बघता हो?" तुम्हाला उत्तर सुचलं असतं, आणि ते ऐकून त्या आईनेच मान खाली घातली असती.

आज निर्मळला गेले. त्या दोघींतली धाकटी म्हणाली, "ताई, चतुर्थी आहे माझी." मी वाटी काठोकाठ भरली आणि पोरांसमोर तिच्या हातात दिली. चमचाभर पुरलं असतं. चमचाभर चाखूनही आंबलेली डाळ कळते, हे तुम्हालाही ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक आहे. खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी मी थांब म्हटलं नाही.

हे पत्र जाणार कुठे, कपाटातच राहील. तुम्ही हे पोरांसाठी करत होतात की तुम्हाला आवडायचं, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारत आले. आज विचारायची गरज पडली नाही. मला आवडलं, बाई.