शेवटचा हात

धायरी,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

चि. प्रज्ञेश यास सप्रेम जयभीम.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो. तू आणलेला पट्टा घालत नाही, म्हणते, "प्रज्ञू आला की घालीन." तेव्हा येऊन जा.

काल फोनवर बोललो, तरी लिहितेय. फोनवर तू मला गुंडाळतोस.

परवा निशा घरी आली होती. माझ्या आधीच्या कंपनीत माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी. हडपसरला तुझ्या गिऱ्हाइकाकडे नोकरीला होती. होती म्हणते, कारण या आठवड्यात तिला काढलं. त्यांच्या बिलांच्या प्रोग्राममध्ये सवलत चुकत होती आणि तू त्यांना विकलेल्या आपल्या चूक शोधायच्या टूलच्या रिपोर्टमध्ये दोषी म्हणून तिचं नाव आलं.

"आमच्या टूलमध्ये नावं नसतात," मी ठणकावून म्हटलं. तिनं मोबाइल पुढे केला. नावाचा रकाना होता.

"मॅडम, मी फक्त प्रोग्रामची फाइल नीट लावली हो. हिशेबाला हात नाही लावला."

प्रज्ञेश, हेच वाक्य मी तुझ्या तोंडून ऐकलंय. तुझी पहिली नोकरी अशीच गेली. प्रोग्रामच्या चुकलेल्या ओळीला शेवटचा हात तुझा लागला होता, बस. तू जेवायला बसायचास आणि तसाच उठायचास. तेव्हा मी हे टूल लिहायला घेतलं. प्रोग्रामच्या प्रत्येक जुन्या व्हर्जनला तोच डेटा द्यायचा आणि तो नक्की कुठून वेगळा वागायला लागला ते बघायचं. चूक तुझी नव्हती, हे त्यानं दाखवलं. कोणाचं नाव छापायचं नाही, हा नियम तू घातलास. मी नाही.

आणि काल काय म्हणालास? "ताई, सगळी व्हर्जन चालवायला वेळ लागतो. डेमोला कोण थांबतं? शेवटी कोणी हात लावला ते दाखवलं. लोकांना नावच हवं असतं गं."

परवा तो रकाना पाहिला तेव्हाच तो तुझा हे कळलं, पण मला आधी राग आलाच नाही. निशासमोर चहाचा कप ठेवताना लाज वाटली. तिला अजून माहीत नाही की तो रकाना माझ्या भावानं घातलाय.

आज मी त्यांनी टूलसाठी आपल्याकडे दिलेली सगळी व्हर्जन चालवली. सवलत चुकायला लागली ती निशा तिथे लागायच्याही आधी.

उद्या तिला घेऊन हडपसरला जातेय. त्यांच्यासमोर चालवून दाखवीन. तिला परत घेतील की नाही, ठाऊक नाही. टूल मात्र ते नक्की परत करतील आणि तुझी मोठी ऑर्डर जाईल. हे पत्र तुला मिळेपर्यंत ते झालेलं असेल. तुला विचारलं नाही. रकाना घालताना तूही मला विचारलं नव्हतंस.

आईला काही सांगितलेलं नाही. ऑर्डर कोणामुळे गेली असं तिनं विचारलं, तर माझं नाव सांग. ते बरोबर असेल.

कल्याणीताई