वरचा एक डॉलर

१२ ऑगस्ट १९९३
आर्डिसला फोन आला. मला नाही, आर्डिसला!
अकरा वर्षं मी टीव्हीवरच्या त्या प्रश्नमंजूषेची परीक्षा देतोय. अकराही वेळा नापास. यंदा बायको नुसती सोबतीला म्हणून बसली आणि पास झाली. ऑक्टोबरात लॉस एंजेलिसला बोलावलंय.
शाळेच्या स्वयंपाकघरात रोज तीनशे पोरांचं जेवण करते ही. वाचते कधी, असं विचारलं.
"तू पेपर वाचून त्यावर बोलत असतोस ना, तेव्हा."

१५ ऑगस्ट
उत्तरं तिला येतात. डाव लावता येत नाही. आणि सगळं ठरतं ते डावावर — हे मी दुकानात खिळे मोजून देताना गिऱ्हाइकांना सांगून थकलो.
आज तिला बसवून शिकवलं. शेवटच्या प्रश्नाआधी फक्त विषय दाखवतात. तिघांनी आपल्या कमाईतले किती लावायचे ते गुपचूप लिहायचं. मग प्रश्न. बरोबर आलं तर तेवढे वाढले, चुकलं तर तेवढे गेले. ज्याचे जास्त उरले तो जिंकला, तो पुढच्या खेळाला परत येतो.
"तू पुढे असलीस तर इतकं लाव, की दुसऱ्यानं सगळे लावून दुप्पट केले, तरी तुझा एक डॉलर वर राहील."
"आणि तो वरचा एक डॉलर नाही लावला तर?"
"तर बरोबरी होऊ शकते. दोघंही विजेते, दोघांनाही पैसे, दोघंही परत येतात."
"मग त्यात वाईट काय?"
मी पेन्सिल खाली ठेवली.

३ सप्टेंबर
सराव. ती पुढे, मी दुसरा. मी शून्य लावलं. उत्तर दोघांचंही चुकलं — तिचे गेले, माझे जागेवर. मी जिंकलो!
"म्हणजे न खेळताच जिंकलास की."
"तेच तर शास्त्र आहे, आर्डिस. दुसऱ्यानं हात राखून बसायचं, पुढच्याची चूक व्हायची वाट बघायची."
माझ्या कागदावरच्या शून्याकडे बराच वेळ बघत बसली. म्हटलं, चला, डोक्यात शिरतंय.

१९ सप्टेंबर
शिरलं नाही. आजही एक डॉलर सोडला.

२० ऑक्टोबर, लॉस एंजेलिस
दुपार. जेवणाची सुट्टी आहे. मला जेवण जात नाहीये.
सकाळचा खेळ. शेवटच्या प्रश्नाला आर्डिस बारा हजारांवर, टल्साचा रॉयस पिकार्ड म्हणून एक संगीतशिक्षक नऊ हजारांवर, तिसरी बाई पार मागे. विषय नद्या. सहा हजार एक लावायचे, बस. मी प्रेक्षकांत बसून ओठांनी 'एक, एक' म्हणत होतो. स्टुडिओतल्या एका बाईनं मला दटावलं.
दोघांची उत्तरं बरोबर. रॉयसनं सगळे लावले होते — अठरा हजार. आर्डिसनं पाटी दाखवली. सहा हजार.
बरोबरी!
रॉयस अगदी रडायच्या बेतात आला. तिला मिठी मारली. निवेदक म्हणाला, फार मोठ्या मनाची बाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. आता त्याच माणसाशी पुन्हा खेळायचं! घरी येणाऱ्या चोराला किल्ली देऊन ठेवल्यासारखं आहे हे.

तोच दिवस, संध्याकाळ
लिहितो नीट.
दुसऱ्या खेळात पुन्हा हे दोघंच वर. ती तेरा हजार, रॉयस दहा हजार, तिसऱ्याकडे जेमतेम दोन. विषय युरोपातली राजघराणी — हिला त्यातलं ओ की ठो कळत नाही. प्रश्न पोर्तुगालच्या कुठल्याशा राणीचा. तिघांचंही चुकलं.
आर्डिसनं सात हजार लावले होते. पुन्हा एक डॉलर सोडलाच! उरले सहा. मी डोळे मिटले. रॉयसनं शून्य लावलं असेल तर त्याचे दहा तसेच आहेत, संपलं.
रॉयसनं सगळे लावले होते. हातात भोपळा.
आर्डिस जिंकली. पुढे तिसरा खेळ सपशेल हरली, पण आता काय त्याचं! रॉयस हसत होता बिचारा. "तुमच्यासारख्या बाईकडून हरलो, वाईट नाही वाटत," म्हणाला.

२३ ऑक्टोबर
घरी, डुलुथला परत. टीव्हीवर दाखवेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं लिहून दिलंय. शेजारच्या इनिडनं तोंड बघूनच विचारलं, "काय रे व्हर्लिन, हरली का?" मी म्हटलं, हवा छान होती.

२४ ऑक्टोबर
आज न्याहारीला बोलून गेलो, "नशीब थोर तुझं. त्या रॉयसनं शून्य लावलं असतं तर?"
अंड्यावर मीठ भुरभुरत म्हणाली, "कशाला लावेल? मी बरोबरीला जागा ठेवते हे त्यानं सकाळीच पाहिलं होतं. समोर बरोबरी मिळत असताना कोण हात राखून बसेल? सगळे लावायला मीच शिकवलं त्याला. मला धास्ती होती ती तुझ्या त्या शून्याची."
आणि मीठ माझ्याकडे सरकवलं.
एकतीस वर्षं पत्त्यांत मी हिला हरवतोय. विचारणार होतो. नाही विचारलं.