कौतिका घरी येते

भांडुप (प.)
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय आकाश,

सप्रेम जय भीम. आम्ही दोघं ठीक आहोत. श्रुतिकाला आणि छोट्या सम्यकला माझा आशीर्वाद सांग. पत्र बघून घाबरू नकोस, कोणी आजारी नाही. फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तुझी मीटिंग सुरू होते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तू निळ्या टिका देऊन मोकळा होतोस. म्हणून हैदराबादला स्पीड पोस्ट. मध्ये उठू नकोस, एका बैठकीत वाच.

आधी तुझ्या प्रेझेंटबद्दल बोलते, कारण माझं डोकं तिथूनच फिरलंय. ऑगस्टमध्ये पप्पांच्या वाढदिवसाला तू स्पीकर आणि त्या गोष्टींच्या अ‍ॅपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन पाठवलंस. मला एका शब्दाने विचारलं नाहीस. तुला वाटलं असेल, एक माणूस पुस्तक वाचतो, म्हातारा ऐकतो, संपलं. तसं नाही रे ते. प्रत्येक पात्राला वेगळा नट. शिवाय दारं वाजतात, कुत्री भुंकतात, बैलगाडी जाते, पाठीमागे बाजार भरतो. हे सगळं आपल्या वन रूम किचनमध्ये. सकाळी साडेसहाला आमच्याकडे घोडे दौडतात.

परवा कुकर लावला होता. तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला, पप्पांचं ताट वाढायला घेतलं तर भात कच्चा. शिट्ट्या गोष्टीतल्या होत्या. पप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. बेल वाजली म्हणून दोनदा मी उगाच दार उघडलंय. गेल्या महिन्यात गोष्टीतल्या एका बाईने हंबरडा फोडला, तर शेजारच्या विमलाकाकू पदर खोचून धावत आल्या. "कोण रडता गो? माका वाटला भीमराज भावोजी गेले." भीमराज भावोजी खुर्चीत बसून चहा पीत होते.

खरं सांगायचं तर त्यांना एवढं खूश मी तीन वर्षांत बघितलेलं नाही. गर्दीचा सीन आला की हात वर करून मला गप्प करतात. "थांब. मागे डावीकडे कोणीतरी खोकतोय. पहिल्या भागात पोस्टमन झाला होता तोच. त्यालाच दोन कामं दिलीत." सगळे नट त्यांना खोकल्यावरून ओळखता येतात. मी पण चपात्या लाटता लाटता थांबते आणि लाटणं हातात धरून ऐकत राहते, हे कबूल करते. झकास करतात, उगाच खोटं का बोलू.

पण माझं काय? काचबिंदूने त्यांचे डोळे गेल्यापासून सहा वर्षं रोज संध्याकाळी शाळेच्या ऑफिसातून आले की मी त्यांना वाचून दाखवायचे. पाय दुखत असले तरी. घसा बसला असला तरी. आता पुस्तक काढलं की म्हणतात, "राहू दे गं, दमली असशील." एकदा तर तोंडावर म्हणाले, "तू वाचतेस तेव्हा पाटील, पाटलीण आणि पाटलाचा बैल, तिघं तुझ्याच आवाजात बोलतात." मला लागलं ते. चव्वेचाळीस वर्षांची बाई एका स्पीकरवर जळते. हसायचं तर हस.

जळण्याचं एक राहू दे. मला भीती वेगळीच होती. त्या अ‍ॅपवर एक कादंबरी यायला नको होती, आणि ती आली.

तुला आठवतं ना, कुर्ल्याच्या छापखान्यात पप्पांचं काम कसं चालायचं? ते प्रूफ तपासायचे आणि समोर बसलेला कॉपी होल्डर मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, स्वल्पविरामासकट. मे महिन्याच्या सुट्टीत ते मला सोबत नेऊन त्या खुर्चीत बसवायचे. नियम एकच. समोर आहे तेच वाचायचं. चूक दिसली तरी चुकीचंच वाचायचं, कारण तपासणाऱ्याचे डोळे प्रुफावर असतात, मूळ प्रत त्याला दिसत नसते. तो वाचणाऱ्याच्या भरवशावर असतो.

तो नियम मी मोडला. आई गेल्यावर सहा महिन्यांनी.

तेव्हा मी त्यांना एक नवी कादंबरी वाचून दाखवत होते. दगडू आणि कौतिका, चाळीसगावकडचं जोडपं, जन्मभर भांडतं आणि एकमेकांवाचून घास गिळत नाही. पप्पांना कौतिका फार आवडली. मला पुढचं माहीत नव्हतं. शेवटच्या प्रकरणात कौतिका हॉस्पिटलात मरते आणि दगडू तिच्या उशाशी बसलेला असतो. ते पान उघडलं आणि माझी जीभ उचलेना. पप्पा पुढे झुकून वाट बघत होते. मी पुस्तकात बघत बघत सरळ थापा मारल्या. कौतिका बरी झाली, दगडूने तिला रिक्षातून घरी आणली, आणि घरात पाऊल टाकताच घराचा उकिरडा केला म्हणून तिने त्याला शिव्या घातल्या. समाप्त. पप्पा खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "चांगला लेखक आहे. मारली नाही तिला."

सप्टेंबरमध्ये तीच कादंबरी तुझ्या अ‍ॅपवर आली. अकरा नट, चोवीस भाग. वाट लागली माझी. त्यांना खरा शेवट कळला असता तर मी खोटारडी ठरले असते, आणि माझं ते एकच खोटं नाही. मग काय, स्पीकरचा चार्जर पिठाच्या डब्यामागे लपवला. त्यांनी विमलाकाकूंकडून दुसरा मागून आणला. नेट गेलंय म्हटलं, तर खिडकीतून शेजाऱ्यांना विचारलं. दुसरं काहीतरी लावा म्हटलं तर म्हणाले, "मी कौतिकाला भेटतोय, तू मध्ये येऊ नकोस."

काल शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी चोविसावा भाग लावला. मी समोर मेथी निवडत बसले होते, उठून जाता येईना. वॉर्डाचा सीन. मशीनची टिकटिक, ऑक्सिजनची फसफस, दगडूचं नाक ओढणं. मग मशीनची एक लांब शिटी वाजली आणि कौतिका गेली. पप्पांनी चाचपडत स्पीकर बंद केला.

मला वाटलं, आता मला विचारतील. ते भडकले कोणावर, तर कंपनीवर. "मूळ प्रतीत फेरफार. सरळ सरळ फेरफार. शिटी वाजवायला मिळावी म्हणून मारली बिचारीला." चाळीस वर्षं प्रूफं तपासलेला माणूस, तो सोडतो का? "कागद घे, चेतना. तक्रार लिही. एक प्रत लेखकालाही पाठवू." आणि मी लिहायला बसले, आकाश. गुपचूप बसले. महोदय, आपण मूळ लेखकाचा शेवट बदलला आहे, याचा मी निषेध करतो. एवढं झाल्यावर म्हणाले, "आता पुस्तक काढ. शेवटचं पान वाच. मूळ शब्द अवतरणात टाकायचे."

पुस्तक काढलं, पान उघडलं. पण तेव्हा काय थाप मारली होती तेच मला धड आठवेना. मी अडखळले, तर पप्पाच सांगायला लागले. "दगडू रिक्षावाल्याला म्हणाला, खड्डे चुकवून घे रे बाबा. पुढे वाच." मला पुढचं येईना. मग तेही त्यांनीच म्हटलं. माझी थाप त्यांना शब्द न् शब्द पाठ होती, पूर्णविरामांसकट.

मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "पप्पा, कंपनीचं बरोबर आहे. शेवट मी बदलला होता."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "तिथे असा आवाज असतो का?" मला आधी कळलंच नाही. "तुझ्या आईच्या वॉर्डात. अशी शिटी वाजली होती का? मला कसं माहीत असणार. मी नव्हतो."

आता तुझ्याकडे येते. इतका वेळ घोडे आणि कुकर लिहीत बसले, ते हे लिहायचं टाळण्यासाठीच.

आई गेली त्या दिवशी सकाळी डॉक्टर मला म्हणाले, माणसं बोलावून घ्या. मी तुला फोन केला. पप्पांनाही केला, पण त्यांना म्हटलं, आई बरी आहे, उद्या सोडतील. बिल्डिंगची लिफ्ट बंद होती, आंधळ्या माणसाला चार मजले उतरवायला कोणी नव्हतं, ही कारणं मी स्वतःला शंभर वेळा सांगितलीत. खरं हे, की माझ्याने सांगवलं नाही. आईच्या कॉटशी पप्पा चाचपडत उभे आहेत, हे मला बघवलं नसतं. तू विमानाने संध्याकाळी पोचलास तेव्हा सगळं संपलं होतं. तू पहिलं विचारलंस, "पप्पा का नाही आले?" मी म्हटलं, "बोलावलं होतं. हिंमत होत नाही म्हणाले."

त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं, आकाश.

तू ते खरं धरून चाललास. आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्यासमोरून उठून गेलास, तो आजतागायत घरी आलेला नाहीस. सहा डिसेंबरलाही नाही. स्पीकर पाठवतोस आणि स्वतः त्यांना फोन करत नाहीस. आणि ते सगळ्यांना सांगतात, पोराला कामाचा फार ताप आहे. तीन वर्षं मी मध्ये बसून तुम्हाला दोघांना वेगवेगळं वाचून दाखवतेय. मला स्वतःचाच वीट आलाय.

काल पप्पांना सगळं सांगितलं. शिटीबिटी काही वाजली नव्हती. जनरल वॉर्डात कुठलं आलंय मशीन. पंखा करकरत होता. शेजारच्या कॉटवरची म्हातारी डब्याचं घट्ट झाकण उघडायला बघत होती. ट्रॉलीचं एक चाक वाजायचं. पप्पांनी मान खाली घालून ऐकलं, मध्ये एकदा "सावकाश" म्हणाले. मग विचारलं, "ती काही बोलली?"

आपल्या आईने जन्मात पप्पांचं नाव घेतलं नव्हतं. अहो, नाहीतर आकाशचे पप्पा. रेशनिंग ऑफिसात साहेबाने नवऱ्याचं नाव विचारलं, तर माझ्याकडे बोट दाखवून "ही सांगेल" म्हणाली होती. त्या दुपारी तिने डोळे उघडले आणि मला विचारलं, "भीमराज आला का?" 'आले का' नाही. 'आला का'. मी म्हटलं, रस्त्यात आहेत. थोड्या वेळाने तिने पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

"हेच शब्द?" पप्पांनी विचारलं. मी हो म्हटलं. "नक्की? तू बदलत नाहीस ना?" मी म्हटलं, नाही. ते भिंत धरत गॅलरीत गेले आणि दिवेलागणीपर्यंत तिथेच बसून राहिले. मी दोनदा चहा नेला. दोन्ही कप तसेच परत आणले.

आज सकाळपासून त्यांनी अ‍ॅप लावलेलं नाही. घर एवढं गप्प आहे की विमलाकाकू डोकावून गेल्या. अकराच्या सुमाराला ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले. "आणि आकाशला काय सांगितलं होतंस?" तेही सांगितलं. "म्हणजे तो तीन वर्षं," एवढंच म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "लिही त्याला. आत्ता. मी इथे बसतो." ते समोर बसलेत आणि मी लिहितेय. माफी मी त्यांच्याकडे मागितलेली नाही, तुझ्याकडेही मागत नाही. कोणत्या तोंडाने मागू?

दुपारचे दोन वाजलेत. हे सगळं मी त्यांना वाचून दाखवलं, स्वल्पविरामासकट. कुकरपाशी हसले नाहीत. आईपाशी हाताने थांबवलं आणि तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. शेवटी एकच दुरुस्ती सांगितली. मी वर लिहिलंय ना, चार मजले उतरवायला कोणी नव्हतं? म्हणाले, "पत्राच्या शेवटी घाल. मी एकेक पायरी बसून उतरलो असतो."

घातलं. फोन त्यांच्या नंबरवर कर, माझ्या नाही.

तुझी ताई म्हणवून घ्यायचं की नाही, ते तुझ्यावर सोडून,

चेतना